जनगणनेच्या तक्त्यांतून आंतरराष्ट्रीय स्थलांतर कसं मोजायचं

भारतात बांगलादेशातून आलेले लोक किती? परदेशात राहणारे मराठी लोक किती? हे दोन प्रश्न सतत विचारले जातात आणि उत्तरादाखल लाख-कोटींचे आकडे सर्रास दिले जातात. ते कोणी, कधी आणि काय विचारून मोजले, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मला ही गोष्ट गंभीर वाटते, कारण अशा आकड्यांचा आधार घेऊन माणसांच्या वस्त्यांबद्दल, कागदपत्रांबद्दल, रोजगाराबद्दल निर्णय होतात. ज्या पत्रकारांना, विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना हे आकडे हाताळावे लागतात त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत लिहितो आहे. साधनं मोजकी लागतात: इंटरनेट, एक स्प्रेडशीट आणि तळटीपा वाचण्याची चिकाटी.

जनगणनाच का वापरायची, हे आधी सांगतो. विमानतळावरच्या नोंदी प्रवास मोजतात. एकच माणूस वर्षात चार वेळा आला तर चार नोंदी होतात. व्हिसाच्या नोंदीत माणूस पुढे राहिला की परत गेला हे कळत नाही. जनगणनेत प्रगणक दारात जाऊन तिथे राहणाऱ्या प्रत्येकाबद्दल विचारतो, मग तो कोणत्याही वाटेने आलेला असो. शिवाय जिल्ह्यापर्यंतचे आकडे मिळतात. तिच्या दोन मर्यादा मात्र पहिल्यापासून ध्यानात ठेवायला हव्यात. ती साधारण दहा वर्षांतून एकदा होते, आणि जे देशात हजर आहेत त्यांनाच ती मोजते.

पहिली पायरी: कोणाला मोजायचं ते ठरवा

तक्ता उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘मी अमुक व्याख्येने स्थलांतरित मोजतो आहे.’ व्याख्या तीन प्रकारांनी करता येते: जन्म कुठे झाला, नागरिकत्व कुठलं आहे आणि इथे येण्याआधी वास्तव्य कुठे होतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात.

पुण्यात जन्मलेली, दहा वर्षं दुबईत नोकरी करून परत आलेली एक बाई घ्या. जन्मस्थान पाहिलं तर ती परदेशातून आलेली ठरत नाही. मागील वास्तव्य पाहिलं तर ती संयुक्त अरब अमिरातीतून आलेली ठरते. आता ढाक्यात जन्मलेला, आधी कोलकात्यात राहिलेला आणि तिथून मुंबईला आलेला माणूस घ्या. जन्मस्थानाने तो आंतरराष्ट्रीय स्थलांतरित आहे, पण मागील वास्तव्याने पश्चिम बंगालमधून आलेला, म्हणजे देशांतर्गत स्थलांतरित.

नागरिकत्वाने आणखी गुंता होतो. गोव्यात जन्मलेल्या अनेकांनी पोर्तुगीज पासपोर्ट मिळवला आणि त्या जोरावर ते इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनसारख्या शहरात, स्थायिक झाले. तिथल्या जनगणनेत जन्मदेशाच्या तक्त्यात ते भारताच्या ओळीत येतात आणि पासपोर्टच्या तक्त्यात पोर्तुगालच्या ओळीत. दोन्ही नोंदी बरोबरच आहेत. एकच तक्ता पाहणाऱ्याला मात्र अर्धंच चित्र दिसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनाविषयक शिफारशींमध्ये जन्मदेश, नागरिकत्वाचा देश आणि आगमनाचं वर्ष किंवा काळ हे मूलभूत विषय मानले आहेत. त्यांच्याच स्थलांतराच्या आकडेवारीबद्दलच्या १९९८ च्या शिफारशींनुसार नेहमीच्या वास्तव्याचा देश सोडून किमान १२ महिन्यांसाठी दुसऱ्या देशात गेलेली व्यक्ती ही दीर्घकालीन स्थलांतरित. ३ ते १२ महिन्यांची असेल तर अल्पकालीन. जगभरातली तुलना करायची असेल तर जन्मदेश वापरणं बरं, कारण जन्मदेश बदलत नाही आणि नागरिकत्व बदलतं.

दुसरी पायरी: दारात नेमकं काय विचारलं ते वाचा

आकड्याआधी अनुसूची, म्हणजे प्रश्नपत्रिका, मिळवा. भारताच्या २०११ च्या कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. त्यांतले चार आपल्या कामाचे: जन्मस्थान, मागील वास्तव्याचं ठिकाण, स्थलांतराचं कारण आणि सध्याच्या गावी किंवा शहरात किती काळ राहता. मागील वास्तव्याचा प्रश्न १९७१ पासून आहे आणि कारणाचा १९८१ पासून. कारणांचे पर्याय ठरलेले होते: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले आणि इतर.

‘किती काळ राहता’ हा प्रश्न सध्याच्या गावापुरता किंवा शहरापुरता आहे. देशात येऊन किती वर्षं झाली, हे तो विचारत नाही. वर सांगितलेला ढाक्याचा माणूस तीस वर्षांपूर्वी भारतात आला असेल, पण मुंबईत पाच वर्षं झाली असतील तर नोंद पाचचीच होईल. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत देशात आल्याचं वर्ष विचारतात. त्या आकड्यांशी भारताच्या कालावधीची थेट तुलना करू नका.

कोणाला मोजलं हेही वाचा. २०११ मध्ये गणना ९ ते २८ फेब्रुवारी दरम्यान झाली आणि संदर्भ क्षण होता १ मार्चचा ००:०० वाजता. त्या संपूर्ण काळात परदेशी असलेला माणूस घरच्यांच्या यादीत येत नाही. भारताच्या जनगणनेत परदेशी गेलेल्यांबद्दल प्रश्नच नाही, त्यामुळे किती भारतीय बाहेर गेले हे आपल्या जनगणनेतून मोजता येणार नाही. त्यासाठी दुसऱ्यांच्या जनगणना उघडाव्या लागतात. त्याकडे पुढे येतो.

तिसरी पायरी: डी मालिकेचे तक्ते

जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर स्थलांतराचे तक्ते ‘डी’ मालिकेत मिळतात. डी-१ मध्ये जन्मस्थानानुसार लोकसंख्या आहे, डी-२ मध्ये मागील वास्तव्य आणि कालावधीनुसार स्थलांतरित आणि डी-३ मध्ये त्याला कारणाची जोड. फाइल उतरवल्यावर ‘भारताबाहेर’ असा भाग शोधा. त्याखाली देशांची नावं असतात.

डी-१ आणि डी-२ शेजारी शेजारी ठेवून पाहा. २००१ मध्ये भारताबाहेर जन्मलेले सुमारे ६२ लाख होते. मागील वास्तव्य भारताबाहेर असलेले सुमारे ५१ लाख. देश तोच, वर्ष तेच, आणि फरक दहा-अकरा लाखांचा. परदेशात जन्मून भारतात आल्यावर पुन्हा एकदा गाव बदललेले लोक दुसऱ्या आकड्यातून गळतात; उलट परदेशी राहून परतलेले भारतीय त्यात मिसळतात. नेहमीच्या तक्त्यांत ही दोन माणसं वेगळी काढायची सोय नाही. म्हणूनच नुसतं ‘जनगणनेनुसार’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तक्त्यानुसार तेही लिहावं लागतं.

‘सांगितलं नाही’ किंवा ‘वर्गीकरण नाही’ या ओळी पुसून टाकू नका. टक्केवारी काढताना त्या भाजकात धरल्या की नाहीत, ते तळटीपेत लिहा.

चौथी पायरी: सीमा कधी आणि कुठे हलल्या?

ही पायरी भारतीय उपखंडात टाळताच येत नाही. माणूस हलतो तेव्हा स्थलांतर होतं हे खरं, पण कधी सीमाच हलते आणि तक्त्यातला माणूस वर्ग बदलतो.

१९५१ च्या जनगणनेने फाळणीनंतर भारतात आलेले सुमारे ७३ लाख विस्थापित मोजले. त्यांतले लाहोर, कराची, सिंधमधून आलेले लोक जन्मले तेव्हा तो सगळा एकच देश होता. आजच्या तक्त्यात ते ‘पाकिस्तानात जन्मलेले’ म्हणून आंतरराष्ट्रीय स्थलांतरित आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि त्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या तक्त्यांत पाकिस्तानात जन्मलेल्यांची संख्या मोठी दिसली तर कारण हे आहे. ते लोक भारताचे नागरिक आहेत आणि नागरिकत्वाच्या व्याख्येने मोजले तर परदेशी म्हणून कुठेच दिसणार नाहीत.

गोव्याचं उदाहरण याच्या उलट आहे. १९६१ ची जनगणना वर्षाच्या सुरुवातीला झाली आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याआधीच्या गणनांमध्ये मुंबईत राहणारा, म्हापशात जन्मलेला माणूस पोर्तुगीज प्रदेशात, म्हणजे परदेशात जन्मलेला होता. १९७१ मध्ये तोच माणूस देशांतर्गत स्थलांतरित झाला. तो कुठेही गेला नव्हता. दोन जनगणनांची तुलना करताना मधल्या काळात कुठली सीमा बदलली, याची नोंद स्प्रेडशीटच्या पहिल्याच पानावर ठेवा. सोविएत संघ १९९१ मध्ये विघटित झाल्यावर लाखो लोक असेच बसल्या जागी आंतरराष्ट्रीय स्थलांतरित झाले.

पाचवी पायरी: दोन जनगणनांमधला फरक काढताना

सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

भारतात मागील वास्तव्य बांगलादेश सांगणारे २००१ मध्ये सुमारे ३१ लाख होते, २०११ मध्ये सुमारे २३ लाख. पाकिस्तानचा आकडा दहा लाखांच्या जवळून सुमारे सात लाखांवर आला. याचा अर्थ बांगलादेशात आठ लाख लोक परत गेले असा लावता येत नाही. नवीन कोणी आलंच नाही, असाही लावता येत नाही. १९४७ नंतर आणि १९७१ च्या युद्धाच्या काळात आलेली पिढी म्हातारी झाली आहे आणि तिच्यातले लोक दरवर्षी मृत्यू पावतात. काहींनी गाव बदललं आणि ते देशांतर्गत वर्गात गेले. काही कुटुंबांनी भीतीपोटी खरं ठिकाण सांगितलं नसण्याचीही शक्यता आहे. एकूण संख्या म्हणजे गेल्या साठ-सत्तर वर्षांत आलेल्यांपैकी आज हयात असलेले. दहा वर्षांत किती आले ही गोष्ट वेगळी काढावी लागते.

ती काढण्याची रीत अशी. पहिल्या जनगणनेतला एक वयोगट घ्या. दहा वर्षांनी त्यातले किती जण जिवंत असतील ते आयुर्मान सारणीवरून, म्हणजे कोणत्या वयात किती जण जगतात हे दाखवणाऱ्या तक्त्यावरून, काढा. दुसऱ्या जनगणनेत दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्याच गटाची प्रत्यक्ष संख्या पाहा. प्रत्यक्षातून अपेक्षित वजा केलं की निव्वळ स्थलांतर मिळतं.

काल्पनिक आकडे घेऊन करून पाहू. समजा एका देशात जन्मलेले २०–२९ वयाचे १,००,००० लोक पहिल्या जनगणनेत होते. दहा वर्षं जगण्याचं प्रमाण ०.९७ धरलं तर ३०–३९ वयाचे ९७,००० अपेक्षित. प्रत्यक्षात सापडले १,१२,०००. म्हणजे १५,००० ची निव्वळ भर. आता ६०–६९ वयाचे ८०,००० घ्या. या वयात प्रमाण ०.७० धरू, अपेक्षित ५६,०००, सापडले ५०,०००. म्हणजे ६,००० ची निव्वळ घट. दोन्ही गट मिळून १,८०,००० चे १,६२,००० झाले, म्हणजे वरवर पाहता १८,००० लोक कमी झाले. पण हिशेब केल्यावर निव्वळ ९,००० लोक आलेले आहेत. एकूण संख्या घटत असताना स्थलांतर चालू राहू शकतं, ते असं.

जगण्याचं प्रमाण भारतासाठी नमुना नोंदणी योजनेच्या (जन्म-मृत्यूंचं सरकारी नमुना सर्वेक्षण) आयुर्मान सारण्यांवरून काढता येतं: सारणीतली ३०–३९ वयोगटात जगलेली व्यक्ती-वर्षं भागिले २०–२९ मधली. स्त्री-पुरुष वेगळे करा, कारण दोघांचे मृत्युदर वेगळे असतात. दुसऱ्या जनगणनेत दहा वर्षांखालची जी मुलं परदेशात जन्मलेली आहेत ती सगळी या दशकातच आलेली, त्यामुळे त्यांच्यासाठी हा हिशेब करावा लागत नाही. या रीतीला जन्मदेश आणि वयोगट यांचा एकत्र तक्ता लागतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तो सहज मिळतो. आणि लक्षात असू द्या, हाती येतो तो निव्वळ आकडा. पन्नास हजार आले आणि चाळीस हजार गेले, तर तुम्हाला दहा हजारच दिसतात.

आगमनाच्या वर्षावरून ‘दरवर्षी किती आले’ असा आलेख काढण्याचा मोह होतो. तो आलेख जे आले आणि टिकले त्यांचा असतो. आले आणि परत गेले ते त्यात नसतात. त्यामुळे जुनी वर्षं नेहमी लहान दिसतात. लोक ‘पाच वर्षं’, ‘दहा वर्षं’ असं ढोबळ सांगतात. आलेखात तिथे उंचवटे दिसले तर त्यांचा अर्थ लावत बसू नका.

सहावी पायरी: गेलेले लोक दुसऱ्यांच्या जनगणनेत शोधा

भारतातून गेलेला माणूस जिथे राहतो तिथल्या जनगणनेत तो ‘भारतात जन्मलेला’ म्हणून मोजला जातो. देशादेशांचे असे आकडे गोळा करून बेरीज करणं, हाच बाहेर गेलेल्यांना मोजण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग हेच करतो. त्यांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगात २८.१ कोटी आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते आणि भारतात जन्मून बाहेर राहणारे सुमारे १.८ कोटी. परराष्ट्र मंत्रालय परदेशस्थ भारतीयांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास सांगतं, कारण त्यात भारतीय वंशाचे, कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेल्यांचे वंशजही आहेत. हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मॉरिशसमधली मराठी मंडळी दुसऱ्या आकड्यात येतात, पहिल्यात नाहीत. त्यांचे पूर्वज गेले होते, ते स्वतः तिथेच जन्मले.

इंग्लंड-वेल्सच्या २१ मार्च २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले सुमारे ९ लाख २० हजार होते आणि ब्रिटनबाहेरच्या जन्मदेशांत भारत पहिला होता. संपूर्ण ब्रिटनचा आकडा हवा असेल तर अडचण येते, कारण स्कॉटलंडने आपली जनगणना एक वर्ष पुढे ढकलून मार्च २०२२ मध्ये केली. ऑस्ट्रेलियात १० ऑगस्ट २०२१ ला भारतात जन्मलेले ६,७३,३५२ मोजले गेले. तेव्हा कोविडमुळे तिथल्या सीमा बंद होत्या आणि नव्या विद्यार्थ्यांना येताच येत नव्हतं. ही तारीख ध्यानात न घेता पुढच्या जनगणनेशी तुलना केली तर वाढ फुगलेली दिसेल. कॅनडाने २०२१ मध्ये ८,९८,००० च्या आसपास भारतात जन्मलेले ‘स्थलांतरित’ मोजले, पण तिथे हा शब्द कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांसाठी आहे. विद्यार्थी आणि तात्पुरत्या परवान्यावरचे कामगार वेगळ्या वर्गात जातात; त्यांना जोडायला विसरू नका.

अमेरिकेत २०२० च्या दशवार्षिक जनगणनेत जन्मस्थान विचारलंच नव्हतं. ते दरवर्षीच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत विचारतात, जो सुमारे ३५ लाख पत्त्यांच्या नमुन्यावर चालतो. नमुना म्हटला की त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ती कक्षा, आली. लहान शहराचा आकडा देताना ती मर्यादा सोबत द्या. आखातात बहुतेक आकडे नागरिकत्वानुसार मिळतात. सौदी अरेबियाच्या २०२२ च्या जनगणनेत ३.२२ कोटी लोकसंख्येपैकी १.३४ कोटी बिगर-सौदी होते. तिथे रियाधमध्ये जन्मलेलं भारतीय मूलही परदेशी गटात मोजलं जातं. म्हणजे ब्रिटनचा जन्मदेशानुसारचा आकडा आणि सौदीचा नागरिकत्वानुसारचा आकडा यांची बेरीज करताना दोन व्याख्या एकत्र होतात. बेरीज करावीच लागते, पण तळटीप हवीच.

यांत महाराष्ट्र कुठे आहे? परदेशी जनगणनांत सहसा तुम्ही भारतातल्या कोणत्या राज्यातून आलात हे विचारत नाहीत. मग भाषेचा आधार घ्यावा लागतो. भारताच्या २०११ च्या सी-१६ तक्त्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते, पण बाहेरचे प्रश्न वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये ‘मुख्य भाषा’ विचारतात, ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत ‘घरी इंग्रजीशिवाय कोणती भाषा’. घरी मराठी आणि कामावर इंग्रजी बोलणारी बाई इंग्लंडमध्ये मुख्य भाषा इंग्रजी लिहून मराठीच्या ओळीतून निघून जाईल. मेलबर्नमध्ये तीच मराठीच्या ओळीत येईल. शिवाय मराठीभाषक म्हणजे महाराष्ट्रातले असं नाही: बेळगाव, इंदूर, बडोद्याचे त्यात येतात आणि मुंबईचे गुजराती, उल्हासनगरचे सिंधी वगळले जातात. ‘महाराष्ट्रातून इतके गेले’ असं या आकड्यावरून लिहू नका. ‘मराठी बोलणारे इतके’ एवढंच लिहा.

काही देश आपल्याच जनगणनेत घरातलं कोण परदेशी आहे हे विचारतात. नेपाळ हे अनेक दशकं करतो आहे: २०११ मध्ये तिथे १९ लाखांहून जास्त लोक परदेशी असल्याची नोंद झाली, त्यांतले सुमारे ३८ टक्के भारतात. या पद्धतीची मोठी त्रुटी म्हणजे संपूर्ण कुटुंब गेलं असेल तर सांगायला मागे कोणी उरत नाही. भारतात केरळने ही उणीव सर्वेक्षणांनी भरून काढली. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून केरळ स्थलांतर सर्वेक्षणं केली. कोकणातून आखातात गेलेल्या माणसांसाठी महाराष्ट्राने असं सातत्याने काही करावं, असं मला मनापासून वाटतं.

सातवी पायरी: राहून गेलेले लोक

२०११ नंतरच्या पडताळणी सर्वेक्षणात दर हजारी २३ लोक मोजायचे राहून गेल्याचं आढळलं. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कामगार, बांधकामावरची झोपडी, तात्पुरत्या खोलीत राहणारी एकटी माणसं सुटण्याची शक्यता जास्त असते, आणि नवे स्थलांतरित अनेकदा असेच राहतात. त्यामुळे सरासरी गळती सगळ्यांना सारखी लावून आकडा वाढवू नका. ‘हा किमान आकडा आहे’ असं लिहा.

भीतीचाही परिणाम होतो. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात आणि ठरावीक अपवाद सोडले तर त्या न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. हे लोकांना माहीत असेल तर उत्तरं खरी येतात. या विषयावर लिहिताना ही माहिती वाचकांना द्या. पुढच्या जनगणनेचा दर्जा त्याने थोडा तरी सुधारेल.

२०२७ साठी आत्ता काय करून ठेवाल

२०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे भारताबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे नंतरचे अंदाज जुन्या आकड्यांवरूनच पुढे ओढलेले आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. लडाख आणि बर्फाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे २०११ शी तुलना करताना मध्ये दहा नव्हे, सोळा वर्षं आहेत. २०–२९ वयाचे लोक ३६–४५ चे झालेले असतील, आणि नेहमीचे दहा-दहा वर्षांचे गट जुळणार नाहीत. म्हणून २००१ आणि २०११ चे डी-१, डी-२ आणि डी-३ आत्ताच उतरवून ठेवा. जिथे एकेका वर्षाच्या वयाचे आकडे मिळतात तिथे ते घ्या. आपल्या जिल्ह्याची हद्द बदलली आहे का तेही पाहा. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे २०११ चा ठाणे जिल्हा आणि २०२७ चा ठाणे जिल्हा एक नाहीत. तालुकावार आकडे असतील तर पालघरचे तालुके जुन्या आकड्यातून वजा करून नवा पाया तयार करा. स्थलांतराचे तपशीलवार तक्ते यायला मागच्या खेपेला कित्येक वर्षं लागली होती. नवी अनुसूची मात्र तक्त्यांच्या खूप आधी हातात येते. ती आली की आपले चार प्रश्न तसेच आहेत की शब्द बदललेत, हे पहिल्याच दिवशी जुन्या अनुसूचीशी ओळीओळीने ताडून पाहा.